राजेळीचा पराग

सरांच्या खिशात पेन सापडायचं नाही, टाचणी मात्र हमखास असायची. फूल हाती आलं की वास घ्यायचा सोडून ते टाचणीने परागकोश फोडायचे आणि आतली पूड नखावर घेऊन बघत बसायचे. माझ्या लग्नात हाती दिलेल्या गुलाबाचीही त्यांनी तीच गत केली. "नटतात सगळीच. पराग पिकवणं कठीण," असं त्यांचं म्हणणं.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून सर अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या आपल्या वाडीत परतायचे. तिथे वडिलांनी लावलेली राजेळी केळ होती आणि तिला मर रोग लागला होता. राजेळीला बी धरत नाही. नवं झाड बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यातूनच येतं, आणि मुनव्यातून रोगही येतो. एखादा जरी परागकण जिवंत निघाला तरी बी धरेल, त्यातून रोगाला पुरून उरणारं रोप मिळेल, ही सरांची आशा. म्हणून वर्षानुवर्षं ते केळफुलातला पराग लाल रंगात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. जिवंत कण लाल होतो, पोकळ कण फिका राहतो. राजेळीचे सगळे फिके.

निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर गेली. मी त्यांचा विद्यार्थी, तोवर त्याच कॉलेजात शिकवू लागलो होतो. दर रविवारी ते मला बघायला बसवायचे. मी एकही लाल नाही म्हटलं की "बरं" म्हणून काच धुवायला घ्यायचे. एका रविवारी ते "बरं" मला ऐकवेना.

"सर, एक लाल आहे," मी म्हणालो.

म्हातारा माणूस सुखावेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सर दुसऱ्या दिवसापासून पहाटे शिडीवर चढून, चाचपडत, मादी फुलांना पराग लावू लागले. पावसात छाती भरली, तरी केळ्यांचा घड, ते लोंगर, उतरेपर्यंत दवाखान्याचं नाव काढू देईनात. सरांच्या पत्नी, काकू, माझ्याकडे बघायच्या. मी रोज खरं सांगायला जायचो आणि शिडी धरून परत यायचो. इतका भेकड मी कधीच नव्हतो.

लोंगर उतरलं तेव्हा सर अंथरुणाला खिळले होते. काकू एकेक केळं चिरून देत होत्या, सर बोटांनी गर चाचपत होते. एकातही बी नव्हतं.

"एक होता ना रे? तू बघितलास ना?"

मी हो म्हणालो.

"मग माझाच हात चुकला," सर म्हणाले. चार दिवसांनी ते गेले, माझी चूक आपल्या माथी घेऊन.