बसल्या बैलाचा खुराक

आष्टीपासून गिरडपर्यंत माझ्या व्याह्याइतका हट्टी प्राणी दुसरा जन्मलेला नाही, आणि हे मी चाळीस वर्षं बैलांचे सौदे केलेला माणूस म्हणून सांगतो. आमच्या बोलीत व्याही म्हणजे ईवाई, आणि हा ईवाईही बैलांचाच दलाल. फरक एवढाच, की मी शून्यातून वर आलो आणि त्याला वडिलांकडून दोन गोष्टी आयत्या मिळाल्या : आंजीचं घर आणि जीभ. त्याच जिभेने माझ्या पोरीच्या लग्नात, भर पंगतीत, वाटी उचलून तो म्हणाला होता, "ईवाई, तुमच्या वरणात माहं तोंड दिसून राह्यलं. दाढी करून घेऊ का?" अख्खा मांडव हसला. त्याला बारा वर्षं झाली. मी अजून हसलेलो नाही.

माणसांकडेही तो बैल पारखायच्याच नजरेने पाही. सोयरीक ठरवायला आला तेव्हा पोरीऐवजी आधी माझ्या गोठ्यात शिरला आणि बैलांच्या बरगड्यांवरून हात फिरवून म्हणाला, "याच्या गोठ्यातले बैल भरलेले आहेत. पोरगी पाहाची गरज नाई." गिऱ्हाइकांना त्याचा ठरलेला उपदेश असे : काम नसलेल्या बैलाची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, अर्धी करा, नाहीतर तो पुढारी होतो.

दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय घसटू लागला, मग जीभ जड झाली. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी एएलएस म्हणून नाव सांगितलं. यात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा हळूहळू मरतात, आणि बरं करणारं औषध नाही. याने काय करावं? खुर्चीत बसला आणि स्वतःचीच ढेप अर्धी केली! बाईंनी वजन पाहून कपाळाला हात लावला, तर हा जड जिभेने म्हणतो, "काम नाई, तं खुराक कायले?"

बाई आमच्याकडच्याच होत्या. म्हणाल्या, "काका, तुमचा बैल बसल्या बसल्या नांगर ओढून राह्यला. या आजारात कितीकांचं शरीर आरामातही जास्त जाळते. वजन उतरलं का आजार पुढे पळते. टिकवलं, तर दिवस जास्त मिळाची आशा असते."

त्याने ऐकलं नाही. महिनाभरात पोरीचा फोन आला (सासऱ्यांना ती मामाजी म्हणते), "बाबा, मामाजी दोन घासांवर अडून बसले. तुमी या."

मी गेलो तो भांडायलाच. पातळ पदार्थ त्याला ठसका लावतात म्हणून पोरीने वरण इतकं घट्ट केलं होतं की चमचा उभा राहावा. मी वाटी त्याच्या नाकाखाली धरली. "पाहा, ईवाई! दिसते का तोंड?"

तो हसला, खोकला, पुन्हा हसला. तेवढ्यात मी खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या हातावर टाकला. आमच्या बाजारात भाव कोणी बोलून सांगत नाही. दुपट्ट्याखाली बोटं दाबायची, भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. त्याने एक बोट दाबलं, म्हणजे एक चमचा. मी त्याची पाचही बोटं दोनदा दाबली. त्याने दोन दिली. "मले नाई परवडत," म्हणून मी उठलो, तर गड्याने मनगट धरलं. सहावर सौदा पटला, आणि दलालाच्या जातीला जागून सहाही चमचे त्याने गिळले.

तेव्हापासून बाजाराचा दिवस सोडला तर मी रोज आंजीला जातो. साजूक तूप, शेंगदाण्याचं कूट, सगळं दुपट्ट्याखाली ठरतं. गेल्या महिन्यात काटा उतरला नाही. बाईंनी शाबासकी दिली ती त्याला. मला कोण विचारतो!

पण आठवड्यापासून त्याची बोटं दाबत नाहीत. नुसती माझ्या तळहातात पडून असतात. विहीणबाईंना हे ठाऊक नाही, पोरीलाही नाही. दुपट्ट्याखालचं बाहेर सांगायचं नसतं. मी जरा थांबतो, एखादं बोट हललं तर हलेल म्हणून. मग मान उडवतो, "लुटता का, ईवाई!" म्हणून ओरडतो आणि सौदा जाहीर करतो : "आठ!"

तो डोळे वटारतो. लबाडी त्याला बरोबर कळते.

मग तोंड उघडतो.