पायलट म्हणजे काय, ते मी सांगितलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या पनवेलला ठाऊक आहे. उरणचा पापलेट रिक्षात मावेना म्हणून मी त्याचं दोन सीटचं भाडं भरलं, ही माझीच गोष्ट. तुम्हीही हसला असाल. पण आज मी संतापलोय, आणि ज्याच्यावर संतापलोय तो रोज दाढी करताना समोर उभा असतो.

साध्या बटणांच्या फोनचे दिवस. एका प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ आणि पनवेलचे काही डॉक्टर एकत्र आले होते. थुंकीवरून तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखता येईल का? कल्पना नवी, म्हणून आधी छोटा पायलट प्रोजेक्ट. त्यात काही दिसलं तर मोठा निधी. देणगीदार पटवणं आणि गावांतून माणसं जमवणं, दोन्ही माझ्याकडे. काही महिन्यांच्या अंतराने दोनदा थुंकी घ्यायची. मधे उपचार सुरू झाले तर तो नमुना बाद.

उरणच्या कोळीवाड्यात कुणीतरी विचारलं, पायलट म्हणजे काय? आता सांगा — बंदराशेजारच्या माणसांना पायलट कोण हे ठाऊक नसेल? भलंमोठं जहाज आत येताना त्याच्यावर चढतो, सुखरूप धक्क्याला लावतो, तो! मी म्हटलं, तोच! पुढे पायलट, मागे अख्खं हॉस्पिटल! टाळ्या पडल्या.

खरा अर्थ होता — करून बघू. कुणाला रिपोर्ट मिळणार नव्हता, कुणावर उपचार होणार नव्हते. हे नीट समजावणं माझंच काम होतं. पण मग थुंकायला आलं कोण असतं?

चांगुणाताई मासळी विकायची. मिश्रीची सवय, गालाच्या आत जखम. पहिली थुंकी देऊन झाल्यावर एकदा तिने मला बाजारात गाठलं.

"भाऊ, माज्या रिपोटाचा काय झाला? घास गिलवत नाय. पोरगा बोलतो, मुंबईला दाखवू. जाव का?"

दोन शब्द पुरेसे होते. जा, ताई. पण आधीच बरेच जण गळले होते, दुसरी थुंकी कमी पडली असती, निधी गेला असता — आणि माझा रुबाबही. म्हणून मी काय बोललो?

"ताई, पायलट चढलाय जहाजावर. आता मधेच उडी मारतेस?"

ती हसली. तोंड उघडत नव्हतं, म्हणून पदर लावून हसली. ते मी पाहिलं. पाहिलं, कळलं, आणि डॉक्टरांना एका अक्षराने सांगितलं नाही.

ती थांबली. दुसऱ्या थुंकीत रक्त होतं. निकाल आशादायक निघाले, मोठा निधी मिळाला, आणि समारंभात मी पायलटची तीच गोष्ट रंगवून सांगितली. देणगीदार खूश. तोवर तिचा जबडा काढला होता. मग तीही गेली.

मुंबईला वेळेवर गेली असती तर वाचली असती का? हा प्रश्न विचारायचा हक्क तिचा होता, तो मी खाल्ला. चांगल्या कामासाठी खाल्ला असं कुणी म्हणालं तर त्याच्या कानाखाली वाजवीन.

कोळीवाड्यात त्या टाळ्यांच्या दिवसापासून माझं नाव पायलट पडलंय. तिचा मुलगा अजून लांबून हात करतो, "ओ पायलट!" म्हणून हाक मारतो.

मी ओ देतो.