आत्याने कॅमेऱ्यासाठी जागा शोधली

आमची आत्या एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिला बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, पण बूड टेकायला सवड कुणाला आहे? पस्तीस वर्षं ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. मुली तिला पाठीमागे ‘शिट्टीबाई’ म्हणायच्या. तिने दिलेल्या निर्णयावर हरणारेसुद्धा कुरकुर करत नसत. एकदा तर स्वतःच्याच शाळेने जिंकलेली रिले तिने बाद केली होती, रेषेच्या पुढे अर्धं पाऊल पडलं म्हणून. मुख्याध्यापक आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते.

ती एकटी राहते, मागेपुढे अंगण असलेल्या बैठ्या घरात. दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी मागच्या खिडकीची जाळी कापून तिचा मिक्सर आणि दोन छत्र्या लांबवल्या. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही, पण बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, घर डोक्यावर घेतलं. “ताई, आता पुरे. कुलूप लाव आणि आमच्याकडे चल.” आमच्याकडे म्हणजे चौथ्या मजल्यावर, जिथे हॉलपासून गॅलरीपर्यंत बारा पावलं होतात.

मला बाबांचा भयंकर राग आला. काळजी खरी होती, पण हुकूम कशाला सोडायचा? म्हणून मी मान वळवणारा कॅमेरा घेऊन गेले. जे हलेल त्याच्यामागे तो मान फिरवतो आणि मोबाईलवर चित्र दाखवतो. आत्याने त्याच्यासमोर बोट डावीकडून उजवीकडे नेलं, त्याची मान वळली, आणि ती किंचाळलीच, “अगं, याला शिकवून पाठवलंय की!”

“खेळणं आहे ते,” बाबा म्हणाले. “त्याच्या नाकावर टिच्चून आत येऊन दाखवतो.”

झालं. आत्याला कुणीतरी आव्हान द्यायचीच खोटी होती. तिथल्या तिथे नियम ठरले. येत्या रविवारी, दुपारी चार ते सहा. बाबांनी वाटेल तिथून यायचं. स्वयंपाकघरात पोचायच्या आत मोबाईलवर त्यांचा चेहरा दिसला, तर घर सोडायचा विषय कायमचा बंद. नाही दिसला, तर आत्याने बॅग भरायची आणि त्याच संध्याकाळी निघायचं. मी साक्षीदार, तोंडाला कुलूप लावून.

मग सुरू झाली जागेची शोधाशोध. आठवडाभर मी ऑफिस सुटलं की तिच्याकडे. ती स्टुलावर उभी, एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मी अंगणात चोर. “वाक! अजून वाक! चोर काय असा छाती काढून येतो?” दाराच्या वर धरला तर माझा नुसता भांग दिसत होता. व्हरांड्याच्या खांबावर धरला, तर मी हात वर करून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून दाखवलं. “नापास,” ती म्हणाली आणि तिथे खडूने फुली मारली. पश्चिमेकडे तोंड केलं, तर उतरत्या उन्हाने सगळं पांढरंफटक. शुक्रवारपर्यंत भिंतीवर अकरा फुल्या झाल्या होत्या.

शनिवारी ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि एकदम चुटकी वाजवली. घराचा कोपरा! नऊ फुटांवर, कुणाचा हात पोचणार नाही असा. मान एकीकडे वळली की फाटक, दुसरीकडे वळली की मागच्या कुंपणाची भिंत. तिने स्वतःच ड्रिल चालवलं. मला स्टूल धरायचं काम होतं आणि माझे केस सिमेंटच्या भुकटीने भरले होते, पण मी मनातल्या मनात आनंदाने उड्या मारत होते. आम्ही जिंकलोच होतो.

रविवारी चार वाजले. आत्याने आत बसून मोबाईलकडे बघायचं, एवढंच काम होतं. ती बसली. चार वाजून सहा मिनिटांनी उठली. फाटक बघून आली, मागची भिंत बघून आली. कुत्रं हाकललं. कॅमेऱ्यावर धूळ बसली म्हणून शिडी आणून तो पुसला. पुन्हा फाटक, पुन्हा भिंत. तिच्यामागे कॅमेऱ्याची मान गरगर फिरत होती. हातातल्या मोबाईलकडे बघून ती करवादली, “ही कोण बया सारखी मध्ये येतेय?”

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की तो तुझ्यामागे फिरतोय, आधी आत येऊन बस! पण मी साक्षीदार होते.

थोड्या वेळाने ती फाटकाशी असताना स्वयंपाकघरातून आवाज आला. “ताई, पाणी प्यायलो गं!”

बाबा विजयी वीरासारखे उभे होते, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली. आत्याने आत येऊन मोबाईल ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, “हरले म्हणजे हरले,” आणि आत जाऊन माळ्यावरची बॅग काढली. मला रडूच फुटलं. तिने एक शब्दही वाद घातला असता तर बरं झालं असतं.

बाबांना मात्र आपला पराक्रम डोळ्यांनी बघायचा होता. त्यांनी मोबाईलवरचं चित्रीकरण लावलं. भिंतीवरून आलेला त्यांचा पाय दिसला, जेमतेम एक सेकंद. बाकी सगळी आत्याच. शिडी खांद्यावर घेतलेली, कुत्र्यामागे धावणारी, फाटकापासून भिंतीपर्यंत ताडताड चालणारी. बाबा आधी हसत होते. मग बोटांवर तिच्या फेऱ्या मोजायला लागले. एकोणचाळीसला थांबले.

“हिला मी हॉल ते गॅलरी फिरवणार होतो,” ते मला हळूच म्हणाले.

ते आत गेले. आत्या घड्या करत होती. “ताई, ठेव ते. मी आत आलो तेव्हा सहा वाजून गेले होते.”

“दाखव.”

बाबांनी पाय दिसतो तिथे चित्र थांबवलं आणि मोबाईल पुढे धरला, चित्राच्या कोपऱ्यातल्या वेळेवर अंगठा ठेवून. आत्याने चष्मा लावला आणि तो अंगठा उचलून बाजूला केला. पाच एक्केचाळीस. तिने ते आकडे पाहिले, मग भावाच्या फाटक्या पॅन्टकडे पाहिलं, मग पुन्हा आकडे.

“वेळ संपल्यावरचा गोल धरत नाहीत,” ती म्हणाली. आवाज जरा कापला, पण निर्णय तिने बदलला नाही. मग बॅग उलटी करून कपडे पलंगावर ओतले आणि बाबांना म्हणाली, “चल, कुठून चढलास ते दाखव. कॅमेरा तिथे लावू.”