रमेशच्या गाडीची मागची चाकं

रमेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. फोन त्याच्या बायकोचा, मंगलावहिनींचा. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी चहा पिऊन तो भेस्तानच्या आपल्या गॅरेजात गेला, शटर वर केलं, स्टुलावर बसला... तो उठलाच नाही. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याला आता पाच आठवडे झाले. मला तेव्हा रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. आठवतं ते सगळं एका गाडीभोवतीचं.

आम्ही दोघं मूळचे शहाद्याकडचे, पण वाढलो या शहरात, नवागामला एकाच गल्लीत. मी मराठी शाळेत शिक्षक झालो, तो लूमच्या कारखान्यात फिटर. मागाचा धोटा अडकायच्या आधीच त्याला आवाजावरून कळायचं. पुढे त्याने गॅरेज टाकलं आणि भंगारात निघालेली एक जुनी गाडी उचलून तिला मोठं इंजिन बसवलं. शहराबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी पडून आहे. तिथे परवानगी काढून अधूनमधून रविवारी ड्रॅग रेस होते. दोन गाड्या, सरळ पाव मैल, संपलं. रमेश अंगाने भरलेला, माझं वजन पंचावन्न किलो. म्हणून गाडी बांधायची त्याने आणि पळवायची मी.

अडचण एकच होती. गाडी जोरात सुटली की मागचे पाटे, म्हणजे एक्सलला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मुरडायचे, चाकं पकड सोडून थडथड उडायची, आणि तेवढ्यात शेजारची गाडी पुढे निघून गेलेली असायची. पाटे काढून एक्सलपासून चासीपर्यंत दोन जाड दांडे बसवायचे आणि वर कडक स्प्रिंगा, हा उपाय मीच सुचवला होता. रमेश टाळत होता. रविवार सोडला तर तीच गाडी घरची होती. वहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून दोनदा त्यांना मागच्या सीटवर आडवं करून दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागे. मी महिनाभर त्याच्या मागे लागलो. शेवटी त्याने दांडे बसवले.

त्या रविवारी गाडी इंचभरही न उडता सरळ गेली आणि आम्ही पहिल्यांदा जिंकलो. सोमवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून दवाखान्यात मीही सोबत गेलो. पुलावरचा एकेक सांधा माझ्यासुद्धा कमरेत बसत होता. मागे वहिनी आडव्या होत्या. दवाखान्याच्या दाराशी त्या उतरल्या, पण त्यांना सरळ उभं राहता येईना. दाराची कड धरून, वाकलेल्या तशाच त्या मला म्हणाल्या, "काल जिंकलात ना? बरं झालं."

दुपारी रमेश गाडीखाली शिरला आणि दांडे काढू लागला. पुढच्या रविवारी अंतिम फेरी होती. मी तसं म्हणालो. गाडीखालून उत्तर आलं, "मंगलानी पाठ मोडीसन माले नंबर नको."

आम्ही हरलो. हरल्यावर मी धावपट्टीवर चार लोकांत म्हणालो की गाडी बांधणाऱ्याची हिंमत कमी पडली. रमेश दोन हात अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं, हातातला पाना पुसून पेटीत ठेवला... तीन महिने आम्ही बोललो नाही.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत तोच शाळेच्या फाटकाशी आला. "चल, मागे झोप," म्हणाला. त्याने गाडीला पातळ पाटे घातले होते. प्रत्येक पाट्याच्या पुढच्या टोकाशी एक लोखंडी दांडा असा बसवला होता की गाडी जोरात सुटली की तो पाट्याला मुरडू देत नाही आणि एरवी सैल राहतो. तीन महिने तो त्यातच होता. शाळेच्या कपड्यांत मी मागच्या सीटवर आडवा झालो आणि त्याने मला त्याच पुलावरून नेऊन आणलं.

"लागलं कुठे?"

"नाही."

"मग रविवारी ये."

मी माफी मागितली नाही, त्याने मागायला लावली नाही. त्यानंतर आम्ही बऱ्याचदा दुसरे आलो, पहिले कधीच नाही. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला थोडं वाटे, हे आता लिहायला हरकत नाही.

गेल्या रविवारी वहिनी धावपट्टीवर आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी रेस पाहिलीच नव्हती. मी गाडी पळवून परत आलो तेव्हा त्या अजून पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होत्या.

"झालं? एवढंच?"

"एवढंच, वहिनी."

"एवढ्यासाठी ते दिवसदिवस गाडीखाली पडून असायचे?" त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "मला एकदा बसवा."

सगळ्या शर्यती आटोपल्यावर, पट्टी रिकामी झाल्यावर मी आयोजकांना विचारून आलो. वहिनींना हेल्मेट घातलं, शेजारच्या सीटवर बसवून पट्टा आवळला आणि गाडी सोडली. पट्टीच्या टोकाला थांबून मी भीत भीत त्यांच्याकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या. डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या.

"परत एकदा," त्या म्हणाल्या.