काका, बिल्डर आणि ‘शॉर्टली’

पुण्यात इंग्रजी क्रियाविशेषणांवर पाळत ठेवणारा एकच माणूस असेल, तर ते माझ्या बायकोचे काका. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. खोटं बोलणारा माणूस नामात सापडत नाही, क्रियाविशेषणाच्या आडोशाला लपतो, असं त्यांचं ठाम मत. ‘प्रॉबेबली’ म्हणणाऱ्याला ते चहा विचारतात, ‘पॉसिबली’ म्हणणाऱ्याला नुसतं पाणी. एकदा मी फोनवर म्हणालो, "काका, ऑलमोस्ट पोचलोच." काका शांतपणे म्हणाले, "जावईबापू, निअरली म्हणजे गल्लीत, ऑलमोस्ट म्हणजे दाराशी. तुमच्या मागे तर तुमच्याच कुकरची शिट्टी होतेय." मी खरोखरच घरात बनियनवर उभा होतो.

त्यांची जुनी इमारत पाडून बिल्डर नवी बांधतोय, तेव्हापासून काका-काकू विश्रांतवाडीत भाड्याने राहतात. काकूंनी निम्मं सामान सोडलेलंच नाही. पुरणयंत्राचं खोकं तर सुतळीने करकचून बांधून खाटेखाली. "ते आता आपल्या घरी गेल्यावरच," म्हणतात. तोवर होळीला पोळ्या विकतच्या. बिल्डरचा निरोप मोबाइलवर आला की काका चष्मा पुसून बसतात. "आधी ‘सून’ लिहायचा, आता ‘शॉर्टली’. सून लिहिणाऱ्याने निदान विचार केलेला असतो. शॉर्टली कारकून टाइप करतो." मी आयटीतला माणूस, म्हटलं, दोन्ही एकच की. त्यावर काकांनी असं पाहिलं, जणू त्या बिल्डरमध्ये माझी भागीदारी आहे.

यंदा होळीच्या आदल्या दिवशी मी तिथेच होतो. निरोप आला. काकांनी वाचून मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘शॉर्टली’ गेलं होतं, त्या जागी ‘इव्हेंच्युअली’ येऊन बसलं होतं. म्हणजे कधीतरी, एकदाचं.

काकूंना इंग्रजी येत नाही. त्यांनी आतून विचारलं, "अहो, काय म्हणतोय तो?"

काकांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, "लवकरच म्हणतोय."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे पाहू लागलो. त्या वाकल्या, खाटेखालून खोकं ओढलं आणि सुतळीची गाठ सोडायला बसल्या.

"उद्या पुरण घालते. सगळे या, जावईबापू."

गाठ सुटेना. मी टेबलावरची कात्री पुढे केली. आजवर कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवलेल्या काकांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि काकूंशेजारी खाली बसले.

"कापू नका," ते म्हणाले. "परत बांधायला लागेल."