नऊ नंबर खडवलीत

सकाळी आठ-पाचला डोंबिवली सोडली तेव्हा माझ्या वहीत चार कामं होती. खडवली, शर्ट. वागळे इस्टेट, सही. घोडबंदर रोड, नोंदणी. परतताना कोथिंबीर.

माझी भाची ऋता माझ्याकडेच राहते आणि फुटबॉल खेळते. फॉरवर्ड, म्हणजे गोल करणं हेच काम. वागळे इस्टेटच्या क्लबात ती तीन मोसम नऊ नंबर घालून खेळली. आता घोडबंदर रोडच्या मोठ्या क्लबाने बोलावलंय. नोंदणीची मुदत आज पाचपर्यंत, आणि त्यासाठी एनओसी (जुन्या क्लबचं ना-हरकत पत्र) हवं. दिलेलं सगळं किट परत आल्याशिवाय जुने मॅनेजर त्यावर सही करत नाहीत. सही नाही तर मोसमभर घरी.

सामन्याचा शर्ट गणपतीच्या साफसफाईत मी खडवलीच्या मामेबहिणीला, सुमनला, देऊन टाकला होता. वहीत तशी नोंदही आहे: जुने कपडे, सात.

"मावशी, ती वही जाळ," ऋता गाडीत म्हणाली.

"आधी शर्ट मिळू दे. काडेपेटी मी देते."

खडवली स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर सुमनचं शेत. भात दाण्याने भरलेलं, आणि मधोमध नऊ नंबर हात पसरून उभा. डोक्याच्या जागी मडकं.

"माझ्यापेक्षा फिट दिसतोय," ऋता म्हणाली.

"त्याला हात लावायचा नाही हां," सुमनने बांधावरूनच बजावलं. "तो उभा राहिल्यापासून एक पाखरू उतरलेलं नाही."

"अगं, पोरीचं करिअर आहे."

"आणि माझं भात?" तिने मला खालून वर न्याहाळलं. "तुझी ओढणी दे. चमकते चांगली."

आरशांची, नवी कोरी ओढणी. दिली. बदल्यात शर्ट, वर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. जेवणाला मी दहा मिनिटं धरली होती, सुमनने पाऊण तास घेतला.

वागळे इस्टेटला मॅनेजर जेवायला गेलेले. साडेतीनला आले. त्यांनी शर्ट हुंगला, झटकला. टेबलावर पेंढा पडला.

"कुठे खेळत होतीस?"

"खडवलीला, सर. बचावात. एकही गोल खाल्ला नाही."

ते हसले नाहीत. रजिस्टरात लिहिलं: 'शर्ट एक, पेंढ्यासह.' मग सही केली.

घोडबंदर रोडला रिक्षा जी थांबली ती हलेचना. साडेचारला ऋताने कागद माझ्या वहीत घातला, वही काखेत मारली आणि उतरून पळाली. बस, गाड्या, एक टँकर, सगळ्यांना चकवत ती दिसेनाशी झाली. मी वीस मिनिटांनी पोचले, तर ती नवा शर्ट घालून पायरीवर बसलेली. नंबर एकोणीस.

"झालं?"

"झालं. किट घरी कोण सांभाळणार असं विचारत होते. मावशी सोडून कोणीही, म्हटलं."

परतताना सुमनचा फोन आला. पाखरं माझ्या ओढणीवर बसून झोके घेतायत, नऊ नंबर परत पाठव.

तीन मोसम मी तो शर्ट धुतला, वाळवला, घडी करून ठेवला. ऋताचा सामना मात्र एकही पाहिला नव्हता. तिला पळताना पाहिलं ते आज, रिक्षात बसून. आधी पाहिलं असतं तर तो शर्ट जुन्या कपड्यांत गेला नसता.

डोंबिवलीला उतरता उतरता वहीत पहिलं काम लिहिलं: रविवार, सामना. कोथिंबीर त्याखाली.