अक्सोरियस फिटर

बसडेपोच्या वर्कशॉपात एक फिटर होता. इंजिनात कोपरापर्यंत हात घातला की त्याला हाका ऐकू यायच्या नाहीत. पण जेवणाचा भोंगा झाला की स्वारी हात पुसत सायकलवर. घरी जायचं, बायकोसमोर बसून जेवायचं, परत यायचं. लग्न झाल्यापासून एक दुपार चुकली नव्हती. लोक हसायचे, तो मनावर घ्यायचा नाही.

फोरमनची जागा रिकामी झाली. नवा साहेब इंग्रजीचा भारी शौकीन. शिंकायचासुद्धा डिक्शनरी बघून. मीटिंगमध्ये फिटरचं नाव निघालं तसा म्हणाला, "माणूस चांगला आहे, पण अक्सोरियस आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. न कळलेल्या शब्दाला मान डोलवायला माणूस नोकरीत सर्वांत आधी शिकतो. संध्याकाळपर्यंत तो एक रोग ठरला. वेल्डरनं फिटरच्या बाटलीतलं पाणी प्यायचं सोडलं. स्टोअरकीपरनं लांबूनच विचारलं, "फार दुखतं का रे?"

फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. तो थेट साहेबापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, यातून माणूस वाचतो ना?"

साहेब खो खो हसला. "अरे, बायकोवर नको तितका जीव टाकणारा नवरा, एवढाच अर्थ. पण कौतुकानं नाही म्हणत, टोमणा असतो तो. फोरमनला दुपारी डेपो सोडता येत नाही. बघ, जमतंय का."

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती लाजेल. ती म्हणाली, "घ्या की मग! इतकी वर्षं समोर बसून माझ्या ताटातले घास मोजताय. एकदा तरी निवांत, एकटीला जेवू द्या."

हे त्याला फार लागलं. आता नाही म्हणायचं तरी कुणासाठी? त्यानं निमूटपणे फोरमनकी घेतली.

पहिल्या दुपारी नव्या खुर्चीत डबा उघडून बसला. भाजी तिच्याच हातची, पण घास घशाखाली उतरेना. इतक्यात दारात बायको. हातात झाकलेलं ताट, नाकावर राग.

"घर खायला उठलं मेलं," ती म्हणाली. "सरका जरा."

साहेब तिकडून चालला होता. तिनं त्यालाच गाठलं. "साहेब, नवऱ्यावर नको तितका जीव टाकणाऱ्या बाईला काय म्हणतात हो तुमच्या इंग्रजीत?"

साहेबानं केबिनमधून जाडजूड डिक्शनरी आणली. पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली. तोवर दोघांचं जेवण उरकलं.

"शोधा सावकाश," ताट उचलत ती म्हणाली, "उद्या येतेच आहे मी."